मागच्या दारची घूस: एका परसबागेतले दहा महिने

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला सत्तरच्या दशकात वसलेली बंगल्यांची सोसायटी. त्यातल्या एका घरात निवृत्त काका-काकू, मुलगा-सून आणि चार वर्षांची नात. घर ओळखू येईल असे तपशील मी बदलले आहेत. घडलं ते आणि ज्या क्रमाने घडलं ते तसंच ठेवलं आहे. ओल्या कचऱ्याचं खत आणि परसबाग यांबाबत मी ओळखीच्या घरांना मदत करते. तीन वर्षांपूर्वी काकूंना खतासाठी विटांचा हौद बांधायला मीच सांगितलं होतं. म्हणजे या प्रकरणात माझाही वाटा आहे आणि तो मी पुढे सांगणार आहे.

घरामागे साधारण गुंठाभर जागा. एक नारळ, दोन पपया, एक डाळिंब, नळाजवळ अळूचं बन, आणि काकूंचा जीव की प्राण असलेले रताळी-भुईमुगाचे दोन वाफे. मागची सीमा म्हणजे जुनी दगडी भिंत, सांध्यातला चुना ठिकठिकाणी निघालेला. भिंतीला टेकून पत्र्याची शेड. तिच्यात जुनी दारं, उरलेल्या फरश्या, कोकोपीटची पोती, फुटके माठ. शेडशेजारी खताचा हौद. कट्ट्यावर पक्ष्यांसाठी तांदूळ-बाजरीची थाळी दिवसरात्र भरलेली, आणि पायरीवर दोन अर्धवट पाळीव मांजरांच्या वाट्या.

मे महिन्यात शेजारचा बंगला पुनर्विकासासाठी पाडला. जेसीबी तीन दिवस चालला. तेव्हा सगळ्यांना त्रास वाटला तो धुळीचा. जुन्या जोत्याखाली कोण राहत होतं आणि जोतं उखडल्यावर ते कुठे गेलं, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

अडचण

जूनच्या अखेरीस अळूच्या मागे मोकळ्या मातीचे ढीग दिसू लागले. माळीदादांना वाटलं गांडुळं. जुलैत भुईमुगाची झाडं मुळासकट उपटलेली, शेंगा गायब. पपईला झाडावरच भोक. ठिबकची नळी दोन ठिकाणी कुरतडलेली. मुलाच्या गाडीच्या बॉनेटखाली वायरी तुटलेल्या. रात्री व्हरांड्यात भिंतीकडेने चीं-चीं आवाज आणि उग्र वास.

खरा धक्का श्रावणात बसला. काकूंनी एप्रिलमध्ये वेल लावला होता, उपासाला घरची रताळी हवीत म्हणून. वेल असा माजला होता की वाफ्याची माती दिसत नव्हती. श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी त्यांनी खुरपं घातलं. फोनवर मला म्हणाल्या, "अगं, वरून बघावं तर हिरवंगार, आणि हात घातला तर नुसती सालं गं हातात. आत काही नाही."

त्यातलं एक रताळं मी नंतर पाहिलं. बाहेरून अख्खं, वीतभर लांब. खालच्या बाजूला रुपयाएवढं भोक आणि आत होडीसारखा कोरलेला पोकळ खोका. कडांवर दातांच्या जोडखुणा, समांतर, छिन्नीने मारल्यासारख्या. कुणीतरी आठवडाभर त्या मातीखाली निवांत बसून जेवलं होतं.

ऑगस्टच्या मध्याला काकांना ताप आला, पोटऱ्या प्रचंड दुखत होत्या, डोळे लाल. काका पावसात अनवाणी बागेत जात आणि त्यांच्या टाचांना भेगा होत्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात किंवा बागेत उंदीर आहेत का? लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून चिखल-पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा भेगेतून माणसाच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराने बरेच जीव घेतले, तेव्हापासून शहरांतले डॉक्टर पावसाळ्यात हा प्रश्न विचारायला विसरत नाहीत. उपचार लगेच सुरू झाले, काका आठवडाभरात उठून बसले. पण घराचा सूर बदलला. तोवर नासाडीची तक्रार होती, आता भीती होती.

मी येण्याआधी काय काय झालं

जे बहुतेक घरांत होतं तेच. डांबरगोळ्या टाकल्या, काही उपयोग झाला नाही, आणि नातीने एक गोळी उचलून नाकाशी नेली तेव्हा सुनेने त्या सगळ्या वेचून फेकल्या. मिरचीपूड एका पावसात धुऊन गेली. आवाज करणारं विजेचं यंत्र व्हरांड्यात लावलं. चार दिवसांनी त्याच्याच खाली लेंड्या सापडल्या.

मग बाजारातून चिकट पुठ्ठे आणले. पहिल्या रात्री चिकटली एक चिचुंद्री, दुसऱ्या दिवशी दुपारी एक सरडा. चिचुंद्री जिवंत होती, ओढ काढून काढून तिची एका बाजूची कातडी सोलवटली होती. काकूंनी हातात जाड मोजे घालून, चमच्याने शेंगदाण्याचं तेल सोडत सोडत तिला मोकळं केलं. अर्धा तास लागला. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. हे पुठ्ठे वापरू नयेत असं मी सगळ्यांना सांगते. त्यात अडकलेला जीव तासन्‌तास, कधी दोन दिवस तडफडतो आणि भीतीने सगळीकडे मुततो, म्हणजे ज्या रोगासाठी हा खटाटोप, त्याच्याच जंतूंची भर पडते.

पुढे पिंजरा आला. भजी लावून ठेवली. तीन रात्रींत दोन चिचुंद्र्या आणि एक लहान उंदीर. बागेतले मातीचे ढीग मात्र वाढतच होते.

वळण: नेमकं आहे कोण?

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी गेले. घरात सगळे एकच शब्द वापरत होते: "उंदीर". तोवरचा प्रत्येक उपाय या एका शब्दावर बेतलेला होता आणि म्हणूनच फसला होता, असं माझं ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोन गोष्टी केल्या. भिंतीकडेने, शेडच्या दारात, नळाजवळ आणि व्हरांड्याच्या उंबऱ्याशी रांगोळी भुरभुरली, हातभर लांब, बोटभर रुंद. पिठाऐवजी रांगोळी, कारण पीठ खाल्लं जातं. आणि बागेतली सगळी बिळं मोजून ओल्या मातीने बुजवली. अकरा निघाली.

सकाळी तीन बिळं उघडी. पण घूस स्वतःही आतून माती लोटून बिळाचं तोंड बंद करते, म्हणून एका रात्रीवर विश्वास ठेवायचा नाही. तीन रात्री तेच केलं. चार बिळं पुन्हा पुन्हा उघडत होती: दोन अळूत, एक खताच्या हौदाच्या पायाशी, एक शेडखाली. तोंडं मुठीहून मोठी आणि बाहेर मऊ मातीचा ढिगारा. ही घूस. तिचं तोंड बोथट, अंग धिप्पाड आणि शेपूट अंगापेक्षा आखूड. जमिनीखाली राहते, खोदते, धान्य-शेंगा बिळात साठवते. रताळी आणि भुईमूग तिचेच.

रांगोळीवर भिंतीच्या माथ्याजवळ दुसरेच ठसे होते, लहान, आणि मधून शेपटीची लांब रेघ. ड्रेनेजच्या पाइपावर तेलकट काळपट पट्टा, सारखी ये-जा करून अंग घासल्याचा. भिंतीवरच्या लेंड्या साधारण सेंटीमीटरभर, दोन्ही टोकांना निमुळत्या. हा काळा उंदीर, शेपूट अंगाहून लांब, चढण्यात पटाईत. पपई, डाळिंब आणि गाडीच्या वायरी याच्या खात्यावर. पपईची काही भोकं भरदुपारी पडत होती, ती खारीची.

आणि व्हरांड्यातली चीं-चीं चिचुंद्रीची. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण या घरात सर्वात जास्त मार तिलाच बसला होता. चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाहीच. तिचे दात कुरतडण्याचे नाहीत. ती झुरळं, किडे, गोगलगायी, अळ्या खाते. रताळ्याला ती तोंडही लावत नाही. लांब टोकदार नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे आणि तो वास, एवढ्यावर ती कुणालाही ओळखता येते. पण ती भिंत धरून पळते, म्हणून पिंजऱ्यात आणि पुठ्ठ्यावर पहिली तीच सापडते. दीड महिना हे घर आपली झुरळं खाणाऱ्या प्राण्याला पकडत होतं आणि घूस मागे निवांत होती.

आणखी एक सापडलं. नारळाखाली काळसर, अंगठ्याएवढ्या गुठळ्या, आत केस आणि बारीक हाडं. काकूंना वाटलं मांजराची घाण. ती गव्हाणी घुबडाने ओकलेली गुठळी होती. एक मी पाण्यात भिजवून सोडवली. आत उंदराची एक पूर्ण कवटी निघाली, पुढचे पिवळे दात जागेवर. नातीला ती फार आवडली. रात्री नारळावरून येणारा कर्कश चीत्कार कुणाचा, हे तेव्हा घराला कळलं.

पर्याय

काकांना विष हवं होतं, आणि लगेच. त्याला कारण होतं. नोकरीनिमित्त ते १९९४ साली बीडमध्ये होते. त्या वर्षी बीडजवळच्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता, घरं सोडून गेलेल्यांचं धान्य तसंच पडून राहिलं, उंदीर वाढले, असं त्याचं एक कारण तेव्हा सांगितलं गेलं. ते दिवस काका विसरलेले नाहीत. "तू कवट्या बघत बस," ते मला म्हणाले, "माझ्या नातीचं काय?" त्यांचा राग मला योग्यच वाटला.

म्हणून विषाचा विचार आम्ही बारकाईने केला. कृषी केंद्रात मिळणारी झिंक फॉस्फाईडची काळी पूड स्वस्त आणि जलद. पण पोटातल्या आम्लाशी मिळून ती विषारी वायू तयार करते आणि तिला उतारा नाही. शिवाय अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर त्या खाद्याला पुन्हा शिवत नाही, म्हणून आधी दोन-तीन दिवस साधं आमिष घालून सवय लावावी लागते. शेतात हे जमतं. चार वर्षांचं मूल रांगोळी वेचत फिरतं तिथे नाही. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर मी कोणत्याच घरात येऊ देणार नाही. तिने माणसाचं यकृत निकामी होतं आणि तिलाही उतारा नाही.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्या त्यातल्या त्यात सौम्य समजल्या जातात. त्या रक्त गोठू देत नाहीत, उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि व्हिटॅमिन के१ हा उतारा उपलब्ध आहे. अडचण अशी, की मधल्या दिवसांत तो उंदीर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि त्याला घुबड किंवा मांजर खातं.

पेस्ट कंट्रोलवाल्या मुलाने बिळात गॅसच्या गोळ्या टाकण्याचं सुचवलं. ॲल्युमिनियम फॉस्फाईड. ओल्या मातीत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. एक बीळ शेडखालून थेट घराच्या जोत्याकडे जात होतं आणि त्याच्या वर नातीची झोपायची खोली. या गोळ्यांची विक्रीच मुळात सरकारी संस्था आणि अधिकृत पेस्ट कंट्रोल करणारे यांच्यापुरती मर्यादित आहे, आणि राहत्या घराजवळच्या बिळात त्या कुणीच टाकू नयेत. यावर चर्चाही झाली नाही.

बिळात पाणी सोडायचं माळीदादांनी सुचवलं. शेतात करतात तसं. पण इथे बीळ दगडी भिंतीच्या पायाखालून जात होतं. आधीच चुना सुटलेली भिंत पावसाळ्यात आणखी भिजवायची नव्हती.

मांजरं होतीच. पिल्लं आणि लहान उंदीर ती मारत. पूर्ण वाढलेल्या घुशीपुढे दोघी मागे सरताना काकूंनी स्वतः पाहिल्या होत्या.

उरलं ते कंटाळवाणं काम: खाणं, आसरा आणि वाट बंद करणं, आणि सोबत सापळे. काका म्हणाले, "याला दोन महिने लागतील." मी म्हटलं, तीन. काकूंची वेगळीच अडचण. गणपती चार दिवसांवर आले होते. "घरात मूर्ती बसलेली असताना त्याच्याच उंदराला मारायचं नाही," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. ठरलं ते असं की गणपती उठेपर्यंत मारणं नाही, पण खाणं आणि आसरा बंद करायचं काम लगेच सुरू.

निर्णय पक्का झाला तो मांजरामुळे

विसर्जनानंतर दोन दिवसांनी धाकटी मांजर खाईना. हिरड्यांतून रक्त, कानाच्या आत लाल ठिपके. पशुवैद्यांनी पाहताक्षणी विचारलं, उंदराचं विष कुठे टाकलंय? या घरात टाकलेलं नव्हतं. ओळीतल्या कुणीतरी टाकलं असणार. कोणी, ते शोधायचा आम्ही प्रयत्न केला नाही. के१ची इंजेक्शनं, मग घरी औषध, सगळं मिळून महिनाभर. ती वाचली. तिला मांडीवर घेऊन बसलेले काका त्या संध्याकाळी म्हणाले, "आपल्याकडे नको विष." त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही.

काय केलं

पहिलं खत. तीन वर्षांपूर्वी मीच काकूंना म्हटलं होतं, "थोडं शिजवलेलं चालतं हौदात." चालतं, पण झाकण असेल आणि तळ बंद असेल तर. त्यांच्या हौदाला दोन्ही नव्हतं. खालून माती, वरून उघडं आकाश, आत पोळीचे तुकडे, भात, आमटीतला शेवग्याचा चोथा. घुशीसाठी मी खानावळ उघडून दिली होती. हौद रिकामा केला तेव्हा तळाशी हात जाईल एवढी दोन भुयारं निघाली. तळाला अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळी घातली, भिंतींवर आतून वीतभर चढवून खिळली, वर त्याच जाळीचं चौकटीचं झाकण. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी घ्यायची नाही. तिची तार दातांनी तुटते आणि पिल्लं भोकातून जातात. हौदात आता फक्त कच्च्या भाजीचा कचरा आणि पाला, आठवड्याला हलवून, ओलसर ठेवून. शिजवलेलं उरलंच तर महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात.

मग पक्ष्यांची थाळी. हे काकूंना सगळ्यात जड गेलं. रोज सकाळी पूजेआधी मूठभर तांदूळ पाखरांना घालणं हा त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेला नेम. थाळी बंद करा असं मी म्हटलं नाही. सकाळी सातला ठेवायची, नऊला उचलायची, खालचं झाडून घ्यायचं. पितृपक्षात कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा शिवल्यावर लगेच उचललं. मांजरांच्या वाट्याही संध्याकाळी सहानंतर आत.

शेड उपसायला दोन दिवस लागले. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, आणि झाडण्याआधी सगळीकडे पाण्यात मिसळलेलं ब्लीच फवारून पाच-दहा मिनिटं भिजू दिलं. कोरडं झाडलं की लेंड्यांची धूळ नाकात जाते. कोकोपीटच्या पोत्यामागे घरटं सापडलं: पोत्याचे धागे, जुन्या वर्तमानपत्राच्या चिंध्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आत सहा पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली. माळीदादांनी घमेलं उचललं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही घरात जा." मी गेले नाही. हे करायचं ठरवलंय तर बघायला हवं, असं मला वाटलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सापळ्यांची पद्धत बदलली. उंदीर नव्या वस्तूपासून चार-पाच दिवस लांब राहतो. म्हणून खटक्याचे चाप आधी न ताणता, नुसतं शेंगदाण्याचं कूट आणि गूळ लावून ठेवले. खाणं जाऊ लागल्यावर पाचव्या रात्री ताणले. प्रत्येक चाप पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात, म्हणजे पक्षी, मांजर किंवा नातीचा हात सहजी चापापर्यंत पोचणार नाही. पाइप भिंतीला समांतर ठेवले आणि व्हरांड्यात एकही ठेवला नाही, चिचुंद्रीसाठी. घुशीला भाड्याने मोठा लोखंडी पिंजरा आणला, आत सुकट. तोही चार रात्री उघडा. पाचव्या रात्री एक सापडली. पेस्ट कंट्रोलवाला पिंजरा घेऊन गेला. लांब नेऊन सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात सोडणं, म्हणून ती मारली गेली. काकू त्या सकाळी बराच वेळ देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

भिंतीच्या सांध्यांत जाळीचे तुकडे ठोकून कपची आणि सिमेंट भरलं. इथे आमची एक चूक झाली. गवंड्याने उत्साहात पाणी जायची भोकंही बुजवली, मी तपासलं नाही, आणि परतीच्या पावसात मागे घोटाभर पाणी साचलं. ती पुन्हा फोडून आत जाळी बसवली. ड्रेनेजच्या चेंबरचं फुटकं झाकण बदललं. नारळाला दोन मीटर उंचीवर चाळीस सेंटीमीटर रुंद पत्र्याचा पट्टा गुंडाळला आणि भिंतीकडे झुकलेल्या झावळ्या काढल्या. शेजारून उडी मारता येत असेल तर पट्ट्याचा उपयोग नाही.

रताळ्यांसाठी नवा वाफा: जमिनीपासून फूटभर उंच, तळाला तीच जाळी. सप्टेंबरअखेर वेलाचे तुकडे लावले. तीन तुकडे उरले ते जुन्या वाफ्यात खोचून ठेवले.

राहिले शेजारी. बांधकामाच्या जागेवर कामगारांच्या झोपड्या होत्या आणि उरलेलं अन्न उघड्यावर पडे, कारण टाकायला दुसरी जागाच नव्हती. काका सुपरवायझरला भेटले, झाकणाचे दोन पिंप ठेवायला लावले. आपल्या बागेतले उंदीर हुसकले की ते आधी त्या झोपड्यांत जाणार, तिथे मुलं जमिनीवर झोपतात, हेही त्यांनी सांगितलं. पिंप दुसऱ्या दिवशी आले. पलीकडच्या बंगल्यातल्या आजोबांना कबुतरांना ज्वारी घालू नका म्हणून दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

काय झालं

बिळं बुजवून बघणं दर पंधरवड्याला चालू ठेवलं. ऑगस्टअखेर चार जिवंत बिळं, ऑक्टोबरच्या मध्याला दोन, डिसेंबरात एकही नाही. चापांत एकूण सात काळे उंदीर, पिंजऱ्यात दोन घुशी. खर्च साधारण सोळा हजार, त्यातला निम्म्याहून अधिक जाळी आणि गवंड्याचा. मांजरीच्या उपचारांचा वेगळा. गाडीच्या वायरी पुन्हा तुटल्या नाहीत. पपईला खार अजून तोंड लावते. तिला कुणी काही करत नाही. व्हरांड्यात चीं-चीं आहे, झुरळं कमी आहेत. घुबड नारळावर आहे.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी काकूंनी जाळीचा वाफा काढला. नऊ किलो रताळी. मग सवयीने जुन्या वाफ्यातले ते तीन वेल उपसले. दोन पोकळ निघाले. म्हणजे फेब्रुवारीत बागेत पुन्हा कुणीतरी येऊन गेलं होतं, आणि डिसेंबरनंतर आम्ही पंधरवड्याची तपासणी सैल केली होती.

काय वेगळं करायला हवं होतं

शेजारचं घर पडणार हे दोन महिने आधी माहीत होतं. जाळी, शेड आणि चेंबरचं झाकण एप्रिलमध्ये झालं असतं, तर मे-जूनमध्ये जोत्याखालून निघालेल्या घुशींना इथे ना आसरा मिळाला असता ना जेवण. पाडकामाच्या आधी शेजारच्या प्लॉटवर उंदरांचा बंदोबस्त करा, अशी लेखी विनंती सोसायटीने बिल्डरला करता आली असती. कुणी केली नाही.

रांगोळीची एक रेघ पहिल्याच आठवड्यात मारली असती, तर चिकट पुठ्ठे आणि भजीचा पिंजरा दोन्ही टळलं असतं. मी जुलैतच फोनवर "कोण आहे ते बघितलंत का" असं विचारायला हवं होतं. त्याऐवजी मीही मिरचीपूड सांगितली होती.

आमचा क्रमही थोडा चुकला. स्वयंपाकघरातलं पाइपाभोवतीचं भोक घाईने बुजवलं तेव्हा एक उंदीर आत अडकला आणि दोन रात्री माळ्यावर दाराची चौकट कुरतडत राहिला. आधी आत रांगोळी टाकून, दोन रात्री एकही ठसा नाही याची खात्री करून मग बुजवायला हवं होतं.

गणपतीत थांबण्याने नुकसान झालं का, असं काकांनी मला नंतर विचारलं. एका वेतात पाच-सात पिल्लं, गाभणकाळ जेमतेम तीन आठवडे. बारा दिवस उशीर म्हणजे कदाचित तेच शेडमधलं घरटं. दुसरीकडे, त्याच बारा दिवसांत खाणं बंद झालं होतं म्हणून सापळ्यातलं आमिष पुढे लवकर गेलं. नक्की उत्तर माझ्याकडे नाही. पण काकूंच्या मनाविरुद्ध सुरुवात केली असती, तर संध्याकाळी सहानंतर वाट्या आत घेण्याचं काम पाच महिने रोज कुणी केलं असतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते काम त्यांनीच केलं.

आज तपासणी पुन्हा दर पंधरवड्याला आहे. मार्चच्या पहिल्या शनिवारी बांधकामाच्या बाजूला, भिंतीच्या पायथ्याशी, ताज्या मातीचा छोटा ढीग दिसला. नातीने स्वतः रांगोळी टाकली. सकाळी ठसे होते, शेपटीची रेघ आखूड. मोठा पिंजरा उघडा ठेवून आज तिसरी रात्र आहे.